उरस्त्राणाला नाड्या मागून

रविवार, ३

आजपासून युद्धाची नोंद ठेवायची आहे. पाळकांनी उपदेशात सांगितलं, "शत्रू रोज येतो. शिंगं लावून येत नाही, साध्या कपड्यांत येतो. कुठून आला, कसा आला, घरी लिहून ठेवा. आठ-पंधरा दिवसांत त्याची पायवाट दिसायला लागेल." पाळक वयाने लहान आहेत. त्यांच्या लग्नापासून मी त्यांच्या पँटी दोनदा सैल केल्यात. पण आज बोलले ते वावगं नव्हतं. पुढचे सगळे रविवार ते देवाच्या शस्त्रसामग्रीवर बोलणार आहेत: पट्टा, उरस्त्राण, जोडे, ढाल, शिरस्त्राण, तलवार.

दोऱ्याच्या कंपनीकडून दर वर्षी एक डायरी फुकट येते. आजवर तिच्यात मी सुया टोचायची. आता सुया उशीत आणि शत्रू डायरीत.

शत्रूची पायवाट मला शोधावी लागत नाही. ती माझ्या डोक्यावर आहे. खाली पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत मी. वरच्या दोन खोल्यांत माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला तीन वर्षं होत आली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं नाही. इथे मी तिला 'वरची' लिहिणार. नाव लिहिलं की राग येतो, आणि राग म्हणजे शत्रूला उघडं दार.

आजचा हल्ला: संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि वर धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प. हे रोजचं आहे. मी प्रार्थनेला कधी बसते हे शत्रूला अचूक कळतं. उठून मीटरपट्टीने छताला तीनदा ठोकलं. वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग शांतता. प्रार्थना कुठपर्यंत आली होती ते विसरले, म्हणून पहिल्यापासून केली.

बुधवार, ६

अंगात कणकण. दुकान बंद ठेवलं.

दुपारी जिन्याच्या पायरीवर झाकलेलं भांडं. सूप. कुणी ठेवलं ते सांगायची गरज नाही, जिन्याने दुसरं कोण येतं? शत्रूच्या हातचं घ्यावं की नाही यावर बराच विचार केला. चव घेऊन पाहिली. मीठ बरोबर होतं, त्यामुळे संशय आणखी वाढला. प्यायले. भांडं घासून त्याच पायरीवर ठेवलं. आभार मानले ते प्रभूचे.

जिन्यातला दिवा दिवसभर चालू असतो. मी जिना चढत नाही, ती जिना पाठ असल्यासारखी उतरते. मग उजेड कुणासाठी? हा उधळेपणाचा आत्मा.

रविवार, १०

सत्याचा पट्टा. पाळक म्हणाले, पट्टा आधी, कारण बाकी सगळं त्याला अडकवायचं असतं. शिवणाऱ्या माणसाला हे सांगायला नको.

आज प्रभुभोजन होतं. आमच्या मंडळीत रीत आहे की कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन सरळ करावं, मगच भाकरीला हात लावावा. माझं मन स्वच्छ आहे. शास्त्रच सांगतं, आपलं झगडणं माणसांशी नाही. माझं भांडण वरचीशी नाहीच, तिच्यामागे जो आहे त्याच्याशी आहे. आणि त्याच्याशी कुणी समेट करायला सांगितलेला नाही. मी भाकरी घेतली.

वरची नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. ताट तिच्यापुढे आलं, तिने मान हलवली, ताट पुढे गेलं. तीन वर्षं तिने भाकरी घेतलेली नाही. शत्रूची पकड किती घट्ट असते बघा. तिच्यासाठी वाईट वाटलं. मग ते वाटणंही संशयास्पद वाटलं.

मंगळवार, १२

पाळक दुकानात आले. महिनाअखेरच्या उपासनेत देखावा करायचा आहे. एक शिपाई सगळ्यांसमोर एकेक शस्त्र अंगावर चढवणार आणि शत्रू त्याच्यावर बाण टाकणार.

"आक्का, सामग्री तुम्हीच शिवायची," म्हणाले. मंडळीत मला सगळे आक्का म्हणतात.

"शिपाई कोण?"

"नळवाला."

मी टेप खाली ठेवली. "पाळक, त्याच्या पोटाभोवती नीतिमत्त्वाचं उरस्त्राण पुरवायचं म्हणजे कापड फार लागेल."

"उंच आहे, आवाज आहे. आणि त्यानेच हात वर केला."

"शत्रू कोण?"

"तिघांना विचारलं. तिघांनीही दुसऱ्याचं नाव सुचवलं. शेवटी निवृत्त मास्तर तयार झाले. फारच आनंदाने झाले, मला जरा काळजीच वाटतेय."

माझ्या मनात एक नाव होतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

जाताना मी विचारलं, "पाठीला काय करायचं? पट्टा आहे, छाती आहे, डोकं आहे. पाठीचं वर्णन कुठेच नाही."

त्यांनी दारात उभं राहून विचार केला. "खरंच की. पाठीला काही लिहिलेलं नाही. शिपायाने पाठ दाखवायची नसते म्हणून असेल."

पटलं. कापडही वाचेल.

शुक्रवार, १५

नळवाला मापाला आला. श्वास आत ओढून उभा राहिला. म्हटलं, "सोड तो श्वास. देखाव्यात तुला वचन म्हणायचंय, तेव्हा सोडावाच लागेल." त्याने सोडला. माझी टेप सरकत गेली.

माप लिहीत होते तेव्हा तो म्हणाला, "आक्का, एकट्या पडणार आता तुम्ही."

"का? मला काय झालंय?"

"तुम्हाला ठाऊक नाही? वरच्या वहिनी मुलीकडे चालल्यात ना, कायमच्या. एक तारखेला सामानाची गाडी येणार. मला वरचे नळ बंद करून द्यायला सांगितलंय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मला वाटलं एका घरात आहात, तर..."

"हात वर कर," म्हटलं. "काखेचं राहिलं."

काखेचं आधीच घेतलं होतं. पुन्हा घेतलं. निराळं आलं.

संध्याकाळी: प्रार्थनेचं उत्तर मिळालं. तीन वर्षं मागत होते की हा त्रास डोक्यावरून जाऊ दे. तो जाणार. प्रभूची स्तुती असो. जेवण मात्र गेलं नाही. पोट बिघडलं असावं.

रविवार, १७

विश्वासाची ढाल. शत्रूचे जळते बाण कसे असतात ते पाळकांनी छान सांगितलं. "तो तुम्हाला खून करायला सांगत नाही. तो तुम्हाला एक चांगलं, रास्त कारण देतो. दोन माणसांमध्ये बारीक भिंत बांधायची तर त्याला विटा लागत नाहीत. एक रास्त कारण पुरतं. ते तुम्ही स्वतःच रोज घासूनपुसून ठेवता."

हे वरचीने ऐकायला हवं होतं. ऐकतेय का ते बघायला मागे वळले आणि मान लचकली. भर उपदेशात हल्ला! आता डावीकडे वळत नाही. कात्री डावीकडे असते.

गुरुवार, २१

उरस्त्राण जमत आलं. बुकरमच्या ताठ कापडाचे दोन थर, वरून चंदेरी कापड, आत पुठ्ठा. पुढून मी जोड ठेवला नाही. नीतिमत्त्वाला मधोमध बटणं बरी दिसत नाहीत. म्हणून नाड्या मागून. ढालीला खोक्याचा पुठ्ठा, शिरस्त्राण पातेल्यावर बेतलं, जोड्यांना जाड लोकर. तलवार म्हणून माझी मीटरपट्टीच रंगवली, दुसरं सरळ लाकूड घरात नाही. आता छताला ठोकायचं तर चंदेरी डाग पडेल.

असं बुकरम मी शेवटचं वापरलं ते भावाच्या कोटाला. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

तो जाणार हे कळलं होतं. आपला माणूस देवापुढे जायचा तर नीटनेटका जावा, म्हणून कोट शिवायला घेतला. करडा, आत अस्तर, खिशांना झाकणं. माप घ्यावं लागलं नाही. शाळेच्या पहिल्या सदऱ्यापासून त्याचे कपडे मीच शिवले, माप तोंडपाठ. तसंही त्या दिवसांत मी फार वर जात नसे. गेले तरी दारातूनच बघून यायची. पांघरूण गळ्यापर्यंत असायचं. मला ते बघवत नसे, आणि शिवणही पडलेलं असायचं.

कोट वर दिला. अंत्यविधीला शवपेटी उघडली तर भाऊ जुन्या स्वेटरात. कोपराला ठिगळ, तेही माझ्या हातचं नाही. चार माणसांसमोर मी विचारलं, "कोट कुठंय?" ती म्हणाली, "त्यांना स्वेटर आवडायचा." बस्स. एवढंच.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. पण दात इतके लागावेत?

लिहून काढलं. डोक्यातून गेलं नाही.

रविवार, २४

मान अजून धरलीय. उपदेश झाला, चांगला होता. वरची आली नव्हती. मागे वळून पाहिलं म्हणून नव्हे, बाकाचा आवाज आला नाही म्हणून कळलं.

वर सामान ओढल्याचे आवाज. ठोकलं नाही. तलवारीचा रंग ओला आहे.

शुक्रवार, २९

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. सजवण्यासारखं त्यात काही नाही.

दुपारी नळवाला सामग्री घालून बघायला येणार होता. कुठे तरी पाइप फुटला, आला नाही. रविवार तोंडावर आलेला. उरस्त्राण अंगावर चढवल्याशिवाय नाड्या किती लांब ठेवायच्या ते कळत नाही. माझ्याकडचा पुतळा बारीक बाईचा. म्हणून मीच घातलं. नळवाला आडवा आहे खरा, पण मीही काही काडी नाही.

पट्टा बांधला. उरस्त्राण चढवलं. लोकरी जोडे. ढाल डाव्या हाताला दोन पट्ट्यांत अडकवली. शिरस्त्राण घातलं, ते डोळ्यांवर आलं, कारण पातेलं मोठं होतं. तलवार उजव्या हातात. आता मागच्या नाड्या. हात पाठीमागे पोचेनात. मग जिन्याकडच्या दाराला पाठ लावली, नाड्या मुठीवर टाकल्या आणि पुढे झुकून आवळल्या.

आवळल्या चांगल्या. दाराच्या मुठीसकट.

सुटेना. वाकता येईना, पुठ्ठा होता. कात्री डावीकडे टेबलावर, आणि डावीकडे मान वळत नाही. ढाल काढायची तर तलवार खाली ठेवावी लागणार, आणि खाली पडलेली तलवार मला पुन्हा उचलता आली नसती. देवाची संपूर्ण सामग्री अंगावर असताना माणूस इतका निरुपयोगी होऊ शकतो हे कुठल्या उपदेशात ऐकलेलं नाही.

हाक मारायचा विचार केला. काय म्हणून मारणार? तीन वर्षांत तिला हाक मारलेली नाही.

तलवार छताला पोचत होती. तीनदा ठोकलं.

वर खुर्ची सरकली. म्हणजे नेहमीचं उत्तर. पुन्हा ठोकलं, जोरात. वरून काही तरी जड आपटलं. म्हणजे हेही नेहमीचं. मी ठोकत राहिले, ती आपटत राहिली. तेव्हा लक्षात आलं की या काठीचा अर्थ तिच्या लेखी एकच आहे, आणि तो मीच लावून दिलाय.

भाऊ म्हणायचा, काठी मारल्याने पाणी तुटत नाही. तो होता तेव्हा या काठीला एक कामही होतं. संध्याकाळी खाली चहा झाला की मी छताला ठोकायची: दोन भरभर, एक सावकाश. मग दोघंही आपापले कप घेऊन खाली यायची. ते गेल्या तीन वर्षांत वाजवलेलं नव्हतं. हात विसरला नव्हता.

दोन भरभर. एक सावकाश.

वर एकदम सगळं थांबलं. इतकं थांबलं की मला वाटलं ती पडली की काय. मग जिन्यावर पाय वाजले, एकेका पायरीवर थांबत. तिने दार तिच्या बाजूला ओढलं. दाराबरोबर मीही गेले, पाठमोरी. तिला सगळ्यात आधी माझी पाठ दिसली.

"वन्सं?"

नणंदेला म्हणायचा तो शब्द. तिच्या तोंडून तो तीन वर्षांनी ऐकला.

"हो," म्हटलं.

"हे काय?"

"देवाची शस्त्रसामग्री."

"दाराला का बांधलीय?"

"बांधली नाही. अडकली."

"सामग्री की तुम्ही?"

ती वळसा घालून पुढे आली. हातात कप होते, दोन. दुसऱ्याबद्दल मी काही विचारलं नाही. तीही दोन्ही कपांकडे बघत राहिली, जणू तिलाही आताच दिसले.

"चहा कुठंय?" म्हणाली.

"केला नाही."

"म्हणजे खोटं वाजवलंत? आणि कमरेला हा काय, सत्याचा पट्टा?"

"आधी मागचं सोडव. मग बोल."

"कात्री देऊ?"

"कात्री कशाला? नवीन नाडी आहे."

ती मागे उभी राहून नखाने गाठ सोडवत बसली. कात्रीने चटकन झालं असतं. तिने सोडवायला बराच वेळ लावला, मीही घाई केली नाही. तिचे हात पाठीला लागत होते.

"मागचं उघडंच ठेवलंत?"

"पाठीचं शास्त्रात काही लिहिलेलं नाही. पाळकांना विचारलंय."

"मग हे शिपायाने एकट्याने घालायचं कसं?"

"तेच तर बघत होते."

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं शिवताय. एकट्याने घालायचा कपडाच नाही हा."

गाठ सुटली. मी चहा केला. साखर किती ते विचारलं नाही, ठाऊक होतं. ती प्यायली. तिचे गुडघे सुजलेत, जिना एकेक पायरी उतरावा लागतो. मी म्हटलं, दिवा असतो म्हणून बरंय. ती म्हणाली, दिवा माझ्यासाठी नाही लावत, मी अंधारातही उतरते. आणि माझ्याकडे बघितलं.

आज हल्ल्याच्या रकान्यात काय लिहावं कळत नाही. रिकामा ठेवते.

शनिवार, ३०

सकाळी वरची खाली आली. काखेत चादरीत बांधलेलं काही तरी.

"बांधाबांध करताना वाटलं, हा माझ्याबरोबर नेणं बरं नव्हे. तुमचा आहे."

करडा कोट.

राग आला. पट्टा, उरस्त्राण, सगळं समोर टेबलावर होतं, एकाचाही उपयोग झाला नाही. म्हटलं, "म्हणजे होता तर. इतकी वर्षं वर होता."

मी कोट झटकून टेबलावर पालथा टाकला. शिवणारं माणूस कपडा आधी पालथा करून बघतं. पाठीच्या शिवणीला दोन्ही बाजूंनी पिना होत्या, मानेपासून खालपर्यंत. गंजलेल्या. इकडे चार बोटं कापड आत घेतलेलं, तिकडे चार.

"पुढून बसत होता," वरची म्हणाली. "मी मागून पिना लावत गेले. पण आडवं ठेवलं की खांदे वर यायचे, कानापर्यंत. वन्सं, कोटच झोपलाय असं दिसायचं. आत ते दिसायचेच नाहीत. मग स्वेटर घातला. तो अंगाबरोबर आक्रसतो."

"सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तुम्ही पेटीपाशी उभ्या, चार माणसं बघतायत. तिथे सांगू, की तुमचं माप चुकलं?"

"नंतर?"

"नंतर तुम्ही बोलत नव्हतात."

"तू तरी कुठे बोलत होतीस?"

"काठीला काय उत्तर देणार, वन्सं? खुर्ची सरकवत होते तेवढी."

एकीकडे हसू आलं आणि दुसरीकडे पिन बोटात गेली. दोन्ही एकदमच झाल्यामुळे डोळ्यांत पाणी का आलं ते सांगता येणार नाही.

ती वर गेल्यावर पिना काढत बसले. गंज कापडाला लागलाय, आता जायचा नाही. भाऊ इतका वाळला होता. कोटाला कात्री लावण्याआधी मी एकदा तरी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. टेप लागलीच नसती, हातालाच कळलं असतं.

पाळकांच्या पद्धतीने लिहायचं तर शत्रू कुठून आला आणि कसा आला ते लिहायला हवं. महिनाभर वरून येतोय असं लिहिलंय. मागची पानं वाचून पाहिली. वरून आलेल्या गोष्टी: सूप, उजेड, खुर्ची.

पुढे लिहवेना. कोटाचं अस्तर उसवायला घेतलं.

रविवार, ३१

देखावा झाला. पडद्यामागे नळवाल्याला मागून बांधायला आम्ही दोघी. वरच्या नाड्या मी, खालच्या तिने, कारण तिला वाकता येत नाही आणि मला मान वर करता येत नाही. हे उलटं झालं हे नंतर लक्षात आलं. तोवर बांधून झालं होतं.

"घट्ट होतंय," नळवाला कुजबुजला.

"नीतिमत्त्व आहे, घट्टच असतं," वरची म्हणाली. माझ्याही तोंडात तेच आलं होतं.

मास्तरांनी कागदी बाण असे काही भिरकावले की पहिल्या बाकावरच्या दोन बायका उठून मागे गेल्या. नळवाल्याने सगळं वचन एका श्वासात म्हटलं. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा भान विसरून तो बायकोला हात करायला वळला, आणि साऱ्या मंडळीला त्याची पाठ दिसली: चौकड्यांचा सदरा, आणि त्यावर दोन गाठी, एक माझी चपटी, एक तिची फुलासारखी. लोक हसले. पाळकही हसले, मग थोडा वेळ त्या गाठींकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्यावर उपदेश करायला हवा होता." केला नाही. बरं झालं, नाही तर लांबला असता.

मग प्रभुभोजन. मान वळवावी लागू नये म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले. ताट आलं. मी हात लावला नाही, शेजारी पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती. आमच्यात कोणी आधी घ्यायचं यावर ताट धरणारा माणूस अवघडून उभा राहिला.

"घे," मी म्हटलं.

"तुम्ही मोठ्या आहात."

"म्हणून सांगतेय, घे."

तिने घेतली. मीही घेतली. या आधी घेतलेल्या भाकऱ्यांचं मी प्रभूशी निराळं बोलेन.

मग सगळ्यांनी गुडघे टेकले. वरचीने बाकाला धरून आधी एक गुडघा टेकला. धप्प. जरा थांबून, श्वास घेऊन, दुसरा. धप्प.

आवाज ओळखीचा वाटला. प्रार्थनेत मन लागेना.

सोमवार, १

सकाळी सामानाची गाडी आली. वरची खाली येऊन गाडीवाल्याला म्हणाली, "माझं जाणं रद्द. गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही. जिना उतरवत नसेल तर घर कसं सोडणार?"

गाडीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही आत्ता उतरूनच आलात ना?"

"तुम्हाला सांगायला कुणी तरी उतरायलाच हवं होतं," ती म्हणाली आणि वर गेली. मुलीला काय कळवायचं ते विचारायला पुन्हा आली. काय कळवलं ते सांगायला आणखी एकदा आली.

मुलगी रागावलीय म्हणे. रागावू दे. सुटीत येईल तेव्हा तिचे कपडे सैल करून देईन.

कोटाच्या कापडाची एक उशी शिवली, गुडघ्यांखाली घ्यायला. पाठीचा भाग वापरला, पिनांचे डाग आतल्या बाजूला घेतले. माप घेतलं. वरचीला खुर्चीवर बसवून दोन्ही गुडघ्यांना टेप लावली. ती म्हणाली, "उशीला माप कसलं?" म्हटलं, "गप्प बस, आता मी विचारल्याशिवाय शिवत नाही."

गुरुवार, ४

हल्ला: नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला बसले. वर काहीच वाजलं नाही. उशी चांगली जाड झालीय. थोडा वेळ थांबले. शब्द येईनात. ती बसली की नाही, पडली तर नाही, झोपली तर नाही, हेच मनात. तीन वर्षं ज्या आवाजावर मी काठी उगारली, त्याच्याशिवाय आता प्रार्थना सुरू होईना, याला काय म्हणावं?

उठले. तलवार घेतली. दोन भरभर, एक सावकाश. चहा केलेला नव्हता.

वर तिने उशी बाजूला सारली असणार. कारण लगेच आलं: धप्प. जरा थांबून, दुसरं.

मग मीही गुडघे टेकले.